ठिगळांचा बटवा

'क्रेझी क्विल्ट' या संज्ञेचे मराठी करायला बसले की दोन्ही शब्द हातातून निसटतात. 'वेडी गोधडी' हे भाषांतर कानाला बरे लागते, पण ते दोन्ही बाजूंनी फसवे आहे. इंग्रजीतील 'क्रेझ' या क्रियापदाचा जुना अर्थ तडकणे, भेगाळणे असा आहे. चिनीमातीच्या भांड्याच्या झिलईवर कालांतराने बारीक तड्यांची जी जाळी उमटते, तिच्यासाठी आजही तोच शब्द वापरतात. वेडाचा अर्थ त्या तडकण्यातूनच पुढे आला; बुद्धीला तडा गेला, अशा अर्थाने. या शिवणकामाच्या नावात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि १८८० च्या दशकातील अमेरिकेत ते शिवणाऱ्या स्त्रियांनी आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी आपापल्या सोयीचा अर्थ उचलला.

दुसरा शब्द तर अधिकच अडचणीचा. आपल्या गोधडीत जुनी लुगडी-धोतरे एकावर एक अंथरून सगळ्या थरांतून धावदोरा घातलेला असतो. तिचे प्रयोजन ऊब हे आहे आणि तिचे सौंदर्य त्या प्रयोजनाच्या पाठोपाठ येते. क्रेझी क्विल्टमध्ये बहुधा मधला थरच नसतो. एका साध्या सुती कापडावर रेशीम, मखमल, साटीन, किनखाब यांचे वाकडेतिकडे तुकडे बसवायचे, त्यांच्या कडा दुमडून टाचायच्या आणि प्रत्येक सांध्यावर रंगीत रेशमाने भरतकाम करायचे, अशी तिची रीत. पाठीमागे अस्तर लावले की काम झाले. ती अंगावर घेऊन कोणी झोपत नसे. दिवाणखान्यातल्या कोचावर किंवा पियानोवर ती पसरलेली असे, पाहुण्यांनी पाहावी म्हणून.

या क्विल्टविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच कापडांतून, त्याच टाक्यांनी शिवलेल्या पिशव्या, बटवे आणि पर्सेस यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. त्यांची नोंद झाली तर 'इतर किरकोळ वस्तू' या सदरात, सुया ठेवायच्या वह्या, टाचणीच्या उशा आणि चहाच्या किटलीच्या टोप्या यांच्या रांगेत. माझ्या मते ही रांग चुकीची आहे. कोचावरची रजई दाखवण्यासाठी असते, आणि बटवा लपवण्यासाठी. तेच ठिगळकाम एकाच दशकात या दोन परस्परविरोधी कामांना लावले गेले, यात स्त्रियांच्या इतिहासाचा एक धागा आहे. तो उलगडायचा तर आधी त्या ठिगळांचा उगम पाहायला हवा.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाल्यानिमित्त १८७६ साली फिलाडेल्फियात जागतिक प्रदर्शन भरले. १० मे ते १० नोव्हेंबर या सहा महिन्यांत तेथे एक कोटीच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने तेथील दोन दालने महत्त्वाची. एक जपानचे. १८६८ नंतर नव्याने जगासमोर येणाऱ्या जपानने तेथे भांडी, पडदे, लाखेचे काम मांडले होते. डाव्या-उजव्या बाजूंचा तोल न सांभाळताही रचना पूर्ण वाटू शकते, हे अमेरिकी मध्यमवर्गाला या वस्तूंनी पहिल्यांदा इतक्या ठळकपणे दाखवले. तडकलेल्या बर्फाचा जो नमुना चिनी-जपानी नक्षीकामात येतो, त्याचे क्रेझी क्विल्टशी असलेले साम्य पाहताक्षणी पटते. दुसरे दालन लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्कचे. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने भरतकाम ही कला आहे, नुसता घरगुती विरंगुळा नव्हे, असा दावा मांडला होता. तडकलेली रचना आणि कलेचा दर्जा मागणारे भरतकाम, या दोन गोष्टी एकाच आवारात पाहून लोक घरी परतले.

पुढे १८८२ साली ऑस्कर वाइल्ड गुडघ्यापर्यंतची विजार घालून अमेरिकाभर सौंदर्यवादावर व्याख्याने देत हिंडला. त्याच्या आदल्याच वर्षी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'पेशन्स' या संगीतिकेने याच सौंदर्यवाद्यांची टर उडवली होती. सूर्यफूल आणि लिली ही त्या चळवळीची चिन्हे. व्याख्याने विसरली गेली, पण सूर्यफुले ठिगळांवर उतरली. त्यांच्या शेजारी जपानी पंखा, मोराचे पीस, घुबड, फुलपाखरू आणि हमखास आढळणारे कोळ्याचे जाळे. हे जाळे शुभ मानत.

आता रेशमाचा प्रश्न. ठिगळकाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काटकसर येते. फाटक्या कपड्यातला धड भाग वाचवणारी, चिंधीही न टाकणारी गृहिणी येते. क्रेझी क्विल्टच्या बाबतीत ही प्रतिमा बऱ्याच अंशी खोटी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यू जर्सीतील पॅटर्सन हे शहर 'रेशीमनगरी' म्हणून ओळखले जाऊ लागले. कनेक्टिकटमधील मँचेस्टर येथे चेनी बंधूंचा रेशमाचा कारखाना भरभराटीला आला होता. यंत्रावर विणलेले रेशीम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, आणि त्याबरोबर कारखान्यातल्या कातरणीलाही बाजार मिळाला. मासिकांमध्ये जाहिराती असत: अमुक रक्कम पाठवा, तमुक इतके रेशमी तुकडे घरपोच मिळतील. भरतकामाच्या रेशमी लडींची उरलेली टोकेही वजनावर विकली जात. भरताचे नमुने छापून मिळत, ते इस्त्रीने कापडावर उतरवता येत. पुढे पुढे तर संपूर्ण ठिगळकाम छापलेले कापडही निघाले. थोडक्यात, 'उरलेसुरले' या गोष्टीचे उत्पादन होऊ लागले. चिंधी विकत घ्यावी लागते तेव्हा तिला चिंधी म्हणायचे की नाही, हा प्रश्न तेव्हाच्या टीकाकारांना पडला होता, आणि तो रास्त आहे.

टिंगल पुष्कळ झाली. दुकानदारांना पत्रे लिहून कापडाचे नमुने मागवायचे आणि खरेदी मात्र करायची नाही, असा उद्योग अनेकींनी केला; नवऱ्यांचे गळपट्टे आणि हॅटची अस्तरे कपाटातून नाहीशी होतात, असे विनोद छापून आले. 'गोडीज लेडीज बुक'सारखी जी नियतकालिके या कामाचे नमुने पुरवत होती, त्यांतच त्याच्यावर उपहासही येऊ लागला, आणि दशक संपेपर्यंत फॅशन ठरवणाऱ्यांचा सूर पुरता बदलला. वेळेचा अपव्यय, डोळ्यांची नासाडी, अभिरुचीचा ऱ्हास, असे आरोप झाले. गंमत अशी की स्त्रीच्या रिकाम्या वेळावर हक्क सांगणाऱ्यांनाच तो वेळ कसा घालवला याचा जाब विचारावासा वाटला.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. ही लाट शिगेला पोचली, त्याच वर्षांत आनंदीबाई जोशी अमेरिकेत होत्या. १८८३ च्या जूनमध्ये त्या तेथे पोचल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई पुढे दोनेक वर्षे त्या देशात हिंडल्या आणि १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात ते प्रदर्शन भरले होते, त्याच शहरात स्त्रिया शवविच्छेदन शिकत होत्या आणि त्याच शहरातली मासिके स्त्रियांना मखमलीवर कोळ्याचे जाळे कसे भरावे हे शिकवत होती. रमाबाईंना त्या देशातील स्त्रियांच्या संस्था आणि शिक्षण यांत रस होता, आणि तो योग्यच होता. पण मखमल आणि महाविद्यालय या दोन गोष्टी एकाच वर्गाच्या घरात, कित्येकदा एकाच घरात नांदत होत्या, हे विसरून त्या काळाचे चित्र पुरे होत नाही.

बटव्याकडे वळण्यासाठी थोडे मागे, आणि अटलांटिकच्या पलीकडे, जावे लागते. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील स्त्रिया खिसे वेगळे बाळगत. ते घागऱ्याला शिवलेले नसत. नासपतीच्या आकाराच्या दोन पिशव्या एका नाडीवर ओवून कमरेला बांधत, वरून घागरे चढवत, आणि घागऱ्यांना ठेवलेल्या फटीतून हात आत जाई. बार्बरा बर्मन आणि आरियान फेनेतो या दोन अभ्यासकांनी २०१९ साली या खिशांवर एक उत्तम ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी वस्तुसंग्रहालयांतील खिशांबरोबरच लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील चोरीच्या खटल्यांची कागदपत्रे धुंडाळली. खिसा चोरीला गेला की आत काय होते हे बाईला न्यायालयात सांगावे लागे, आणि ते लिहून ठेवले जाई. पैसे, किल्ल्या, अंगुस्तान, कात्री, खायचे काही. असे खिसे अनेकदा ठिगळांचेच असत. कोणाला दिसायचे नाहीत, तर मग उरलेल्या छिटांचे का नकोत?

या खिशाचे महत्त्व कळायला कायदा आठवावा लागतो. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये आणि ब्रिटनने १८७० व १८८२ मध्ये कायदे करून ही स्थिती बदलायला घेतली. त्याआधी कमरेच्या नाडीला लटकणारी ती पिशवी कायद्याने नव्हे तरी व्यवहाराने बाईची स्वतःची एकमेव जागा असे. रिचर्ड्सनच्या 'पॅमेला'मधील (१७४०) नायिका आपले कागद परकराच्या आत शिवून अंगावर बाळगते, हा प्रसंग आपण लेखनाच्या गोपनीयतेचा म्हणून शिकवतो. तो शिवणकामाचाही प्रसंग आहे. सुई हाती नसती तर त्या कादंबरीतील पत्रे धन्याच्या हाती कधीच पडली असती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस झग्यांची कंबर छातीपाशी चढली, कापड झिरझिरीत झाले, आणि त्याखाली फुगीर खिसे बांधणे अवघड झाले. तेव्हा खिसा बाहेर आला आणि हातात लटकू लागला. त्याला फ्रेंचमधून 'रेटिक्यूल' हे नाव मिळाले, मूळ लॅटिन शब्द जाळीच्या पिशवीचा. थट्टेखोरांनी त्याचे लगेच 'रिडिक्यूल' केले, आणि तो उच्चारही रूढ झाला. तोंडाशी दोरी ओढून बंद होणारी ही पिशवी आकाराने आपल्या बटव्याची सख्खी बहीण शोभेल. नात्याचा पुरावा मात्र शोधू नये. जेन ऑस्टिनच्या 'एमा'त मिसेस एल्टन जांभळ्या-सोनेरी रेटिक्यूलमध्ये एक पत्र घडी करून ठेवते. ठेवते म्हणजे काय, आपल्याकडे गुपित आहे हे एमाला दिसावे अशा बेताने लपवते. खिसा कपड्याच्या आत होता तोवर हे नाटक शक्य नव्हते. लपवणे दाखवता येऊ लागले, ते खिशाची पिशवी झाल्यामुळे.

ऑस्टिन स्वतः सुईकामात निष्णात होती. आई आणि बहिणीबरोबर तिने केलेले ठिगळांचे पांघरूण चॉटनच्या घरी जतन केलेले आहे. त्याची रचना अगदी शिस्तबद्ध, क्रेझीच्या नेमकी उलट. त्याहून आपल्याला जवळची वस्तू म्हणजे १७९२ च्या जानेवारीत, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने मेरी लॉइड या मैत्रिणीला करून दिलेली छोटी पिशवी. आत सुयांची गुंडाळी, आणि त्या गुंडाळीच्या इवल्याशा कप्प्यात कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेल्या आठ ओळी. मैत्रीण गाव सोडून निघाली होती. ऑस्टिनच्या चरित्रकारांनी या पिशवीचे वर्णन तिच्या हस्तकौशल्याचा दाखला म्हणून केले आहे. एका लेखिकेच्या सुरुवातीच्या काळातील हा मजकूर वाचकाच्या हाती पोचवण्यासाठी तिने स्वतः कापड शिवले, हे मला अधिक लक्षणीय वाटते.

आता पुन्हा १८८० च्या दशकात येऊ. मधल्या काळात खिसे घागऱ्याच्या शिवणीत गेले होते. पण या दशकातील झगे पुढून घट्ट, मागे फुगवलेले. त्यांत खिसा ठेवायचा तर शिंपी तो मागच्या घड्यांमध्ये कुठेतरी ठेवी, जिथे बसल्यावर हात पोचत नसे. रेल्वेचा प्रवास, दुकानांतील रोख खरेदी, मंडळांच्या सभा यांसाठी बाई घराबाहेर तर अधिकाधिक पडत होती. हातातली पिशवी पुन्हा गरजेची झाली, आणि ती ज्या हातांनी शिवली जात होती त्या हातांत त्या वेळी क्रेझी ठिगळांचे वेड होते.

हे काम पिशवीला विलक्षण मानवते. ते का, हे कृती पाहिल्याशिवाय उमगत नाही. पिशवीचा आकार कागदावर कापून घ्यायचा आणि पायाचे सुती कापड त्याहून चारी बाजूंनी बोटभर मोठे घ्यायचे, कारण भरतकामाने कापड आखडते. या मोठेपणाचा हिशेब चुकला की पुढचे आणि मागचे पान जुळत नाही. पहिला तुकडा पाच कोनांचा घेऊन मध्याच्या आसपास बसवावा. चौकोनी घेतला तर रचना विटांच्या भिंतीसारखी होत जाते. मग दुसरा तुकडा पहिल्याच्या कडेवर चढवायचा, धार आत दुमडायची, टाचायचे. असे सरकत सरकत कडेपर्यंत जायचे. मखमलीशेजारी मखमल आली तर सांधा जाड होतो, म्हणून तिच्याजवळ पातळ रेशीम. सगळे बसले की सांध्यांवर भरत: हेरिंगबोन, पिसासारखा फुटत जाणारा फेदर, काजटाका, साखळी, मधूनमधून गाठीचे ठिपके. हे सगळे दोन्ही पाने जोडण्याआधी उरकायचे, कारण पिशवी शिवून झाल्यावर आत हात घालून भरत करणे जवळजवळ अशक्य. शेवटी अस्तर, दोरीसाठी नेफा, आणि पीळ दिलेली रेशमी दोरी. किंवा धातूची चौकट असेल तर तिच्या छिद्रांतून टाके.

रजईला महिने, कधी वर्षे लागत. पिशवीचे एक पान काही संध्याकाळींत होते. त्यामुळे प्रयोग करता येतो. हे रंग जमले नाहीत तर पुढच्या खेपेस वेगळे. आणखी एक गोष्ट. रजईला शेकडो तुकडे लागतात, म्हणून ते विकत आणावे लागत. पिशवीला पंधरा-वीस पुरतात, आणि इतके कोणाच्याही घरात निघतात. मी वर म्हटले की क्रेझी क्विल्टमधली काटकसर बरीचशी खोटी आहे. पिशवीत ती पुष्कळदा खरी असे. लग्नातल्या झग्याची कातरण, बाळाच्या टोपीची फीत, सिगारच्या जुड्या बांधायला वापरत ती नाव छापलेली पिवळी रेशमी फीत. ही फीत तर मोठी बोलकी. सिगार ओढणे पुरुषांचे, दिवाणखान्यातून उठून वेगळ्या खोलीत जाऊन करायचे काम. त्याचा उरलेला भाग बाईच्या बटव्यावर फुलांच्या शेजारी येऊन बसे.

तुकड्यांवर नावे, आद्याक्षरे, तारखा भरलेल्या असत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये टेमर हॉर्टन हॅरिस नॉर्थ यांनी १८७७ च्या सुमारास केलेले एक क्रेझी पांघरूण आहे. ते त्यांनी आपल्या मृत मुलीच्या स्मरणार्थ केले. पांघरुणावर दुःख असे पसरून ठेवता येते, येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावे, विचारावे, अशी त्याची रीत. पिशवीवर तेच तुकडे आले की ते हाताच्या मुठीत असतात, आणि पिशवीच्या पोटात काय आहे ते विचारायचे नसते. एकाच वस्तूचा बाहेरचा भाग इतका बोलका आणि आतला भाग इतका मुका, असे उदाहरण शिवणकामात दुसरे मला आठवत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या वस्तू भेटतात त्या बहुधा रूपक म्हणून. १९७० च्या दशकात स्त्रीवादी कलेतिहासाने रजईला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी रजया अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी, रजई ही अमेरिकेची थोर कला आहे आणि ती स्त्रियांची आहे, हे विसरू नका असे बजावले. रोझिका पार्कर यांचे 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' १९८४ चे. इलेन शोवॉल्टर यांनी १९८६ च्या 'पीसिंग अँड रायटिंग' या निबंधात तुकडे जोडणे आणि स्त्रियांचे लेखन यांचा संबंध मांडला. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यानंतर आपल्या वर्गांतही एक सवय जडली: खंडित कथन दिसले की म्हणायचे 'क्विल्टसारखे'. कोणती क्विल्ट? लॉग केबिनची पट्ट्यांची कडक भूमिती वेगळी आणि क्रेझीची तडकलेली भूमिती वेगळी. एकीत पुनरावृत्ती हा नियम, दुसरीत पुनरावृत्ती टाळणे हा. कापडात जो फरक पोरसवदा शिकाऊ मुलीलाही कळे, तो समीक्षेत पुसला जातो.

सुझन ग्लास्पेलच्या 'ट्रायफल्स' (१९१६) या एकांकिकेचेच पाहा. नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेल्या मिनी राइटच्या स्वयंपाकघरात दोन बायका तिची अर्धवट रजई पाहतात. नमुना लॉग केबिनचा, शिवण नेटकी, फक्त शेवटच्या तुकड्यात टाके अस्ताव्यस्त. त्या टाक्यांवरून त्यांना मनाची स्थिती कळते, आणि मिसेस हेल ते टाके उसवून नीट घालू लागते. एवढ्यावर आपली चर्चा सहसा थांबते. पण नाटकाचा निर्णायक क्षण त्यानंतरचा आहे. गळा मुरगळलेल्या कॅनरीची पेटी सापडते, पुरुष येण्याच्या बेतात असतात, आणि मिसेस पीटर्स ती आपल्या पिशवीत कोंबू पाहते. पेटी मावत नाही. मग मिसेस हेल ती हिसकावून आपल्या मोठ्या कोटाच्या खिशात टाकते. पुरावा वाचतो की नाही हे शेवटी पिशवीच्या मापावर आणि खिशाच्या असण्यावर ठरते. ग्लास्पेल नाटककार होण्याआधी वार्ताहर होती. वस्तूंची मापे तिला ठाऊक होती.

दुसरे उदाहरण मुलांच्या पुस्तकातले, म्हणून समीक्षेच्या वाऱ्यालाही न लागलेले. एल. फ्रँक बॉमच्या 'द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ'मध्ये (१९१३) एका जादूगाराची बायको आजीच्या जुन्या क्रेझी क्विल्टमधून एक मुलगी शिवते, घरकामाला मोलकरीण हवी म्हणून. इतक्या रंगीबेरंगी, बेंगरूळ अंगाची मुलगी गर्विष्ठ होणार नाही, असा तिचा हिशेब. तिच्या मेंदूत आज्ञाधारकपणासारखे मोजके गुण घालायचे ठरते. पण ओजो नावाचा मुलगा गुपचूप हुशारी, धैर्य, काव्य असे बरेच काही त्यात मिसळतो. स्क्रॅप्स जिवंत होते ती नाचत, यमके जुळवत, आणि स्वतःच्या रूपावर निहायत खूश. मोलकरीण ती होत नाहीच. फॅशन ओसरल्यावर पंचवीस-तीस वर्षांनी, पेटीत पडून राहिलेल्या आजीच्या रजईचे हे झाले. स्क्रॅप्सही तशी पिशवीच आहे, कापूस भरलेली. आणि तिच्या आत कोणी काय टाकले ते शिवणाऱ्या बाईला कळले नाही.

शहरी दिवाणखान्यांतून क्रेझी काम गेले तरी खेड्यांत ते लोकर आणि सुती कापडात १९२०-३० पर्यंत चालू राहिले, आणि तेथे ते खरोखरच पांघरायला घेत. १९८४ मध्ये पेनी मॅकमॉरिस यांचे 'क्रेझी क्विल्ट्स' हे पुस्तक आले, १९८६ मध्ये ज्युडिथ बेकर मोंतानो यांची हस्तपुस्तिका. त्यानंतरच्या पुनरुज्जीवनात पर्स आणि बटवे यांना मोठे स्थान मिळाले. कारण तेच: थोडे कापड, थोडा वेळ, आणि वापरता येणारी वस्तू.

जुन्या बटव्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र अवघड आहे. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुऊन काढला की त्याचे सुमारे पाव वजन जाते. रेशीम वजनावर विकले जाई, म्हणून कारखानदार ती तूट कथिलाच्या आणि लोखंडाच्या क्षारांनी भरून काढत, कधी तुटीहून कितीतरी जास्त. असे रेशीम हाताला भरदार लागते, सळसळते, घडी सुरेख पडते. पण ते क्षार धाग्यालाच खातात. शंभर वर्षांत कापड उभ्या चिरांनी फाटत जाते आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. तडकलेल्या नक्षीचे नाव मिरवणारे काम पुढे खरोखरच तडकले. रजईवर संग्रहालये बारीक जाळीचे कापड शिवून तिला सपाट ठेवू शकतात. पिशवीला घड्या असतात, तोंड आवळलेले असते, आणि चिरा पहिल्यांदा तिथेच पडतात. दोरी सैल करायला गेले तर नेफ्यावरचे रेशीम गळते.

गळते तेव्हा खालचे पायाचे कापड उघडे पडते. ते सुती, त्याला क्षार लावलेले नसत, म्हणून ते शाबूत असते. कधी ते जुन्या सदऱ्याचे असते, कधी पिठाच्या गोणीचे, आणि त्यावर टाचणीचे ते मोठे, घाईचे, पांढरे धावदोरे दिसतात, जे मखमल आणि भरत यांच्याखाली कायमचे झाकले जातील या खात्रीने घातले होते.